‘हनिमून’ संपतो, इन्सुलिन संपत नाही

अजिंठ्याच्या परिसरातील दहा वर्षांचा, ३० किलो वजनाचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. वारंवार लघवी, न भागणारी तहान आणि पंधरा दिवसांत झपाट्याने उतरलेले वजन. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याचा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास झालेला असतो. टाइप-१ मधुमेहाचे निदान होते आणि रोज २४ युनिट इन्सुलिन सुरू होते. दीड-दोन महिन्यांत साखर इतकी खाली येते, की ८ युनिटही पुरतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. कोणी म्हणते, निदानच चुकले होते. कोणी म्हणते, पाहुण्यांनी सुचवलेला काढा लागू पडला. इंजेक्शन बंद होते. खरा धोका इथून सुरू होतो.

या काळाला वैद्यकात ‘आंशिक माघार’ आणि बोलीत ‘हनिमून पिरियड’ म्हणतात. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. टी-पेशी त्यांना मारत जातात. निदान होते तेव्हा बऱ्याच बीटा पेशी गेलेल्या असतात, पण सगळ्या नाही. उरलेल्या पेशी वाढलेल्या साखरेच्या माऱ्याने थकून बसलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळाले, की त्यांना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. हल्ला करणाऱ्या टी-पेशींना आवर घालणाऱ्या ‘नियामक’ टी-पेशींचाही या काळात वाटा असावा, असे संशोधक मानतात. पण ही शस्त्रसंधी असते, तह नव्हे. बहुतेक मुलांत ती काही महिने ते वर्षभर टिकते; मोजक्यांत त्याहून अधिक.

सर्वांना ही सवलत मिळतेच असे नाही. पाच वर्षांखालील मुले, निदानाच्या वेळी कीटोअ‍ॅसिडोसिस झालेली मुले, आणि ज्यांच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धच्या अनेक प्रतिपिंडांची नोंद होते अशी मुले यांच्यात तिची शक्यता कमी असते. म्हणजेच निदान जितके लवकर, तितक्या जास्त पेशी हाती उरतात. वजन उतरलेल्या, सारखी लघवी करणाऱ्या मुलाची साखर त्याच दिवशी ग्लुकोमीटरवर तपासणे ही साधी गोष्ट म्हणूनच मोलाची आहे.

हा काळ ओळखायला महागड्या तपासण्याच हव्यात असेही नाही. दर किलो वजनामागे रोज किती युनिट इन्सुलिन लागते ते काढायचे, त्याची चौपट एचबीए१सीच्या आकड्यात मिळवायची. बेरीज ९ किंवा त्याहून कमी आली, तर मूल आंशिक माघारीत आहे. वरच्या मुलाचे एचबीए१सी ७ असेल, तर बेरीज ८.१ येते. तो बरा झालेला नाही. त्याच्या उरलेल्या पेशी त्याला हात देत आहेत, इतकेच.

या काळात डोस कमी करावाच लागतो, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करायचा. बंद करायचा नाही. बंद केल्यास साध्या तापाचे निमित्तही पुरते. उलट्या, पोटदुखी, धाप लागते. घरचे त्याला अपचन समजतात आणि मूल बेशुद्धावस्थेत रुग्णालयात येते.

दोष आईबापांचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. निदानाच्या दिवशीच त्यांना सांगायला हवे, की दोन महिन्यांनी साखर उतरेल, आनंद माना, पण सुई ठेवून देऊ नका. हे वाक्य आधी सांगितले तर विश्वास वाढवते; नंतर सांगितले तर सबब वाटते. घरी फ्रीज नसेल, तर इन्सुलिन पाण्याच्या माठाच्या गारव्यात कसे ठेवायचे, हेही तेव्हाच दाखवायला हवे. शहरातील ‘उडान’सारखी संस्था अशा मुलांसाठी काम करते, पण एका संस्थेवर सारा जिल्हा सोडून चालणार नाही. इन्सुलिन, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या तालुक्याच्या ठिकाणी सातत्याने मिळाल्या पाहिजेत. शाळा-अंगणवाड्यांत जाणाऱ्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी तहान आणि लघवीचे दोन प्रश्न विचारायला खर्च येत नाही.

प्रतिकारशक्तीचा हल्ला लांबवता येतो, हे आता सिद्ध झाले आहे. आजाराची लक्षणे उशिरा यावीत यासाठी टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. आशा खरी आहे, पण ते औषध आज गावातल्या मुलाच्या आवाक्यात नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. तोवर हा आजार म्हणजे मृत्यूच होता. शंभर वर्षांनंतर एखादे मूल इन्सुलिन नसल्याने नव्हे, तर ते नको असे वाटल्याने दगावणे, हे कोणत्याच व्यवस्थेला शोभणारे नाही.