काळ्या समुद्राकाठी ४० लाखांचा फ्लॅट: छोट्या उद्योजकाने घ्यावा का?



हल्ली मोबाइलवर एक प्रकारचे व्हिडिओ खूप फिरतात. निळा समुद्र, पांढरी बाल्कनी आणि खाली किंमत. युरोपात घर, तेही पुण्यातल्या वन-बीएचकेपेक्षा स्वस्त! यात बल्गेरियाचं नाव बरेचदा येतं. तिथे काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर सनी बीचची गजबज आहे, आणि बाल्चिक, ओब्झोर, ब्याला अशी शांत गावंही आहेत. जागा सुंदर आहेत, त्यात वाद नाही. पण तुम्ही धंदा करणारी माणसं आहात, म्हणून माझं मत सरळ सांगतो: कमाईसाठी घेत असाल तर घेऊ नका. स्वतः राहायला घेत असाल, तर तो खर्च समजून घ्या.

आता हिशोब बघा. समजा ४० चौरस मीटरचा स्टुडिओ ४०,००० युरोला मिळाला. सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू, म्हणजे झाले ४० लाख. हे पैसे तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून पाठवणार. तिथे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. अडचण दुसरीकडे आहे. वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. म्हणजे ३० लाखांवर ६ लाख. ते बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोवर तुमचे ६ लाख अडकलेच ना? आणि या कामासाठी इथली बँक कर्जही देऊ शकत नाही. सीसी किंवा ओडी खात्यातून पैसे फिरवायचा विचार तर डोक्यातूनच काढून टाका.

पुढे कमाई. काळ्या समुद्राचा सीझन जून ते सप्टेंबर. आपल्या कोकणात होमस्टेवाल्याला मे, दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार असे वर्षभर थोडे थोडे ग्राहक मिळतात. तिथे थंडीत अर्धी दुकानं बंद. तरी समजा ७० रात्री, रोज ३५ युरोने फ्लॅट गेला. आले २,४५०. बुकिंग, चावी, साफसफाई बघणारा माणूस ७०० घेईल. स्विमिंग पूल असलेल्या कॉम्प्लेक्सचा मेंटेनन्स चौरस मीटरला वर्षाला १० युरो धरला तरी ४०० गेले. हा फ्लॅट रिकामा असला तरी द्यावाच लागतो! लाइट, पाणी, विमा, नगरपालिकेचा कर यांचे ३५०. तिथला १० टक्के आयकर. हातात राहिले ८०० युरोच्या आसपास, म्हणजे ८० हजार रुपये. ४० लाखांवर दोन टक्के. वर्षातून एकदा नवरा-बायको घर बघायला गेलात तर विमानाच्या तिकिटांतच ते संपतील.

हेच ४० लाख तुमच्या मसाल्याच्या किंवा पॅकेजिंगच्या धंद्यात वर्षात चार वेळा फिरले आणि दर फेरीला फक्त ५ टक्के सुटले, तरी ८ लाख होतात.

"पण सर, व्हिसा मिळेल ना?" नाही. असा छोटा फ्लॅट घेतल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे साध्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, आणि त्यात बाकीच्या शेंगेन देशांत काढलेले दिवसही मोजले जातात.

अजून एक फसवी गोष्ट म्हणजे खेड्यातलं अंगणवालं घर. ते फ्लॅटपेक्षाही स्वस्त दिसतं. पण तिथे आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही. एजंट म्हणतो, "कंपनी काढू." परदेशात कंपनी काढली की फेमाचे वेगळे नियम लागतात. सीएला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नका. साधा फ्लॅट असला तरी दरवर्षी रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात तो दाखवावा लागतो. लपवलात तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

मग घ्यावं कुणी? ज्याचा धंदा मालकाशिवाय दोन महिने चालतो, डोक्यावर कर्ज नाही, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे आणि ज्याला खरंच तिथे जाऊन शांत राहायचंय, त्याने. अशा माणसाने खुशाल घ्यावं, हौसेला मोल नसतं. फक्त आधी जानेवारीत बाल्चिकला महिनाभर भाड्याने राहून बघा. जुलैत सगळ्याच बाल्कन्या छान दिसतात. आवडलं तर बिल्डरचा सोडून स्वतःचा वकील लावा, फ्लॅटवर बोजा आहे का ते रजिस्टरमध्ये तपासून घ्या, आणि विसार देण्याआधी मेंटेनन्सची मागची थकबाकी किती आहे ते लेखी मागून घ्या.