नागलीची भाकरी

आयसीयूत भेटायला मिळतात पाच मिनिटं. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी आजीचा पहिला प्रश्न, "जेवलीस का गं बाय?"

गणपतीच्या सुट्टीत दाभोशाला गेलं, की पहाटे जात्याची घरघर आणि मागे 300 फुटांवरून कोसळणारा धबधबा. मग चुलीवरची काळपट भाकरी, मिरचीची चटणी. निघताना ती भाकऱ्या बांधून द्यायची. मी त्या जव्हारच्या एसटी स्टँडवर कुत्र्याला घालायचे. होस्टेलच्या मैत्रिणी हसतील ना!

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. आता ऑफिसखालच्या कॅफेत 'रागी कुकीज' मिळतात. घेते मीसुद्धा.

आज तिला सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं.

"जेवले."

"काय खाल्लंस?"

"नागलीची भाकरी," म्हटलं. हसली. तेवढ्यात सिस्टरने घड्याळ दाखवलं.