सरांच्या हातातलं स्टॉपवॉच काढून घेऊ नका

आमच्या सरांचा आवाज तलावाच्या भिंतीपलीकडे, पार रिक्षा स्टॉपपर्यंत ऐकू जायचा. पाण्याखाली डोकं असलं तरी 'कोपर! कोपर वर!' ऐकू येतं, हे आम्ही पैज लावून सिद्ध केलंय. सोलापूरचा मे महिना, पारा ४३-४४ वर, सकाळच्या चार बॅचेस, संध्याकाळच्या तीन, एकेका बॅचला चाळीस पोरं. सरांची भाषा म्हणजे अर्धी मराठी, पाव तेलुगू आणि राग आला की कन्नड. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. ओरडून बसला असेल, क्लोरीननं बसला असेल. खरं सांगायचं तर आम्ही खूश होतो. 'सर म्यूटवर गेले' म्हणून स्टेटसही ठेवलं होतं एकानं.

दिवाळीपर्यंत आवाज परत आला नाही. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर डॉक्टरला दाखवावं, हे आम्हाला नंतर कळलं. सरांनी पाच महिने खडीसाखर आणि ज्येष्ठमधावर काढले. मग दुर्बिणीतून तपासणी, मग तुकडा काढून बायोप्सी. स्वरयंत्राचा कॅन्सर.

त्याच रात्री 'सरांची पोरं' नावाचा ग्रुप तयार झाला. दोन दिवसांत ११२ मेंबर. दुबईहून, पुण्याहून, हैदराबादहून जुन्या बॅचचे लोक आले. पैसे सुद्धा आले, अगदी भराभर. हात जोडलेले इमोजी तर इतके आले की मोबाइल हँग. मला तेव्हा वाटलं, बास, आता सरांना काही कमी पडणार नाही.

कमी काय पडलं ते सांगण्यासाठीच हे लिहितेय.

डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, म्हणजे वेटिंग हॉलमध्ये बसलेली सगळी माणसं ज्याला 'शेक' म्हणतात ते. पस्तीस शेक. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे सात आठवडे. आणि जायचं बार्शीला. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांना नर्गिस दत्त यांच्या नावाचं बार्शीतलं ते कॅन्सर हॉस्पिटल माहीत असतं, फक्त त्याविषयी कुणी मोठ्यानं बोलत नाही. सोलापूरहून वैरागमार्गे सत्तरेक किलोमीटर. जायला दोन तास, यायला दोन तास, मध्ये नंबर लागायची वाट. मशिनखाली माणूस जेमतेम काही मिनिटं असतो. पण त्यासाठी दिवस जातो.

उपचाराचा मुख्य खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. ही योजना पहिल्यांदा जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपलं सोलापूर होतं. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं. आता वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सरांच्या रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरंच स्पेलिंग. ते सरळ करायला आमच्यातल्या एकीनं कॉलेज बुडवून तीन दिवस घालवले, आणि हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांच्या टेबलासमोर ती इतकी बसली की ते तिला मुलगीच समजायला लागले. ग्रुपवर या तीन दिवसांना एकही इमोजी मिळाला नाही. पण माझ्या मते सरांसाठी कुणी सगळ्यात मोठं काही केलं असेल तर ते हेच.

म्हणजे पैसे होते, योजना होती. नव्हता तो सोबत जाणारा माणूस. सरांचा मुलगा पुण्यात कंपनीत, त्याला आठ दिवसांची रजा मिळाली, ती पहिल्या आठवड्यात संपली. काकू घरी विड्या वळतात. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत वळतात तशाच. रोज बार्शीला गेल्या तर घर कशावर चालायचं? ग्रुपवर चार्ट टाकला: कोण कुठल्या दिवशी जाणार, नाव लिहा. ११२ जणांत नऊ नावं आली. मी कुणाला नावं ठेवत नाहीये, परगावच्यांना ते शक्यच नव्हतं. पण गावातलेही चाळीसेक जण होते की! 'पैसे हवे तर सांग, पण वेळ नाही गं' हे वाक्य मी त्या सात आठवड्यांत इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं.

त्या नऊ जणांत एक इलेक्ट्रिकलचं दुकान चालवणारे दादा होते, १९९८ च्या बॅचचे. त्यांना धड पोहायला कधी जमलंच नाही, आजही खोल पाण्यात घाबरतात. पस्तीसपैकी अकरा फेऱ्या त्यांच्या. आणि आम्ही ज्यांच्या नावाच्या ट्रॉफ्या तलावाच्या ऑफिसात बघत मोठे झालो, त्यांच्यापैकी एकच आला. याचा अर्थ काय लावायचा, मला अजून कळलेलं नाही.

या फेऱ्यांमध्ये काय करायचं असतं, असं एका ज्युनिअरनं विचारलं. काहीच नाही. फाईल धरायची. पाण्याची बाटली धरायची. पहिल्या दोन आठवड्यांत सर गाडीत गप्पा मारायचे, 'बार्शी तिथं सरशी' म्हणून स्वतःच हसायचे. तिसऱ्यात तोंड कोरडं पडायला लागलं, आतून सोललं, वैरागचा चहाही उतरेना. चौथ्यापासून ते जाता-येता झोपायचे. शेंगाचटणी आणि कडक भाकरीशिवाय ज्यांचं पान हलत नव्हतं, ते पातळ पेजेचा एक घोट घ्यायला अर्धा तास लावत होते. नऊ किलो वजन उतरलं. अशा वेळी 'सर, फायटर आहात तुम्ही' वगैरे बोलायचं नसतं. गप्प बसून खिडकीबाहेर बघायचं असतं, आणि उलटीची पिशवी हाताशी ठेवायची असते.

पस्तिसावा शेक झाला त्या संध्याकाळी ग्रुपवर फटाके फुटले. 'सर जिंकले!' केकचा फोटो. आणि तिथून ग्रुप थंड.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं: रेडिएशनचा त्रास शेवटच्या शेकला थांबत नाही, पुढचे दोन आठवडे तो उलट वाढतो. सगळ्यात वाईट दिवस ते होते. नाकातून नळी घातली. चार्टवर मात्र नाव लिहायला आता रकानाच नव्हता, कारण आमच्या हिशेबी काम संपलं होतं. तुमच्या ओळखीत कुणाचे शेक चालू असतील तर कॅलेंडरवर शेवटच्या तारखेनंतरचे पंधरा दिवस आत्ताच लाल करून ठेवा.

आता माझी चूक. त्या दिवसांत मी भेटायला गेले आणि सरांचा फोटो काढला, नळीसकट. थंड पडलेल्या ग्रुपला जाग यावी म्हणून टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या. जाग आली, खरंच आली. कुणीतरी त्याचं गाणं लावून रील केलं. ते फिरत फिरत सरांच्या पुतण्याच्या मोबाइलवर आलं आणि त्यानं बिचाऱ्यानं कौतुकानं सरांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काकू म्हणाल्या, "पोरी, आजवर त्यांना कुणी उघड्या अंगानं बघितलं असेल तर ते पोहताना. असं नाही बघितलेलं." मी घरी येऊन फोटो डिलीट केला. पण डिलीट करून काय होतं, तो गेला की शंभर मोबाइलमध्ये. परवानगी विचारायला मला चार सेकंद लागले असते.

आठवडाभर मी गेले नाही. मग पाय ओढत गेले. काय बोलावं कळेना, म्हणून माझ्या टर्नचा व्हिडिओ लावून मोबाइल त्यांच्यापुढं धरला. भिंतीला पाय टेकवताना मी नेहमी उशीर करते, लहानपणापासूनची खोड. सरांनी तीनदा बघितला. बोलायची बंदी, म्हणून उशाशी पाटी होती. त्यावर लिहिलं, 'मान कशाला उचलतेस बे?' आणि खाली, 'उद्या परत.'

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. हळूहळू बाकीचेही व्हिडिओ घेऊन यायला लागले. पाटी पुरेना तेव्हा काकूंनी वही दिली. त्या वहीत किती जणांच्या किक आणि श्वासाच्या चुका आहेत! मी डॉक्टर नाही, वहीनं गाठ विरघळते असलं काही मी सांगणार नाही. पण त्याआधी आम्ही जायचो तेव्हा 'कसं वाटतंय सर?' विचारायचो. बोलू नका सांगितलेल्या माणसाला पंचवीस जण येऊन तोच प्रश्न विचारायचे. वहीनंतर सरांच्या वाट्याला पहिल्यांदाच असा प्रश्न आला, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं.

यावरून आचरेकर सर आठवतात. रमाकांत आचरेकरांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, एरवी ते सचिनच्या मॅच घरी टीव्हीवरच बघायचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये, वानखेडेवरच्या त्या शेवटच्या मॅचला, ते स्टेडियममध्ये आले होते. भाषणात सचिननं त्यांच्या तब्येतीचं भांडवल केलं नाही. उलट म्हणाला की एकोणतीस वर्षांत सरांनी मला कधी 'छान खेळलास' म्हटलं नाही, माझ्या डोक्यात हवा जाईल म्हणून. आता मी पुढं खेळणारच नाहीये, तर एकदा म्हणायला हरकत नाही. शेरा मागत होता तो त्यांच्याकडे. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी ते भाषण यूट्यूबवर बघून डोळे पुसलेत. पण त्यातली ही जागा माझ्या लक्षात सरांच्या पाटीनंतर आली.

आता एक कडवट गोष्ट. सर विडी ओढायचे. फिल्टर रूमच्या मागं, बॅचेसच्या मधल्या वेळात. लपून ओढायचे आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मदत मागायला गेल्यावर एका पालकांनी तोंडावर सांगितलं, "ओढत होते ना? मग?" घरची बाई दिवसभर विड्या वळते आणि घरचा माणूस विडीनं आजारी पडतो, यात ज्यांना फक्त सरांची चूक दिसते, त्यांना मी काय सांगणार? विडी वाईटच. तिच्यापायी आवाज गेला हे पोरांना दाखवायलाही हवं, आणि सर आता स्वतःच ते दाखवतात, गळ्याकडे बोट करून. पण त्याच पालकांची दोन पोरं सरांनी पाण्यात उभी केली. मोठ्याला तर पहिल्या दिवशी बुडताना कपड्यांसकट उडी मारून काढलं. त्या वेळी सरांनी विचारलं नव्हतं, 'पायरी सोडून का गेलास? मग?'

आणखी एक, जे आम्ही दहा वर्षांत कधीच विचारलं नाही. सरांना महिन्याला किती मिळतात? आजारी पडलं तर रजा आहे का? पीएफ आहे का? उत्तर कळलं तेव्हा लाज वाटली. मानधन, तेही सीझनपुरतं. मार्च २०२० मध्ये कोरोनात तलाव बंद झाले तेव्हा सरांकडे जे काही साठलेलं होतं ते संपलं, आणि त्यानंतर ते परत साठलंच नाही. खेळाडूंसाठी केंद्राचा कल्याण निधी १९८२ पासून आहे, द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून. पण ते वरच्या मजल्यावरचं. चाळीस पोरांना उन्हाळ्यात तरंगायला शिकवणारा माणूस कुठल्याच यादीत नाही. त्याला कुणी द्रोणाचार्य म्हणणार नाही; त्यानं फक्त दर वर्षी काही घरांतली पोरं विहिरीत आणि तलावांत मरू दिली नाहीत. समर कॅम्पच्या फीवरून घासाघीस करणाऱ्या आपल्या आईबाबांना हे ऐकवा. आणि तुमचा जो कोणी कोच असेल, कबड्डीचा, तबल्याचा, कराटेचा, त्यांना हा प्रश्न आजच विचारा, ते ठणठणीत असताना. आमच्या जुन्या बॅचनं आता ठरवलंय की सीझनच्या सुरुवातीला प्रत्येकानं थोडे पैसे काढून तलावावरच्या सगळ्या कोचेसचा आरोग्यविमा उतरवायचा. सरांचा आता कुणी सहजासहजी उतरवणार नाही. बाकी तिघांचा तरी होईल. अर्थात हे खरं तर आम्हा पोरांचं काम नाही, ज्यांचा तलाव त्यांचं आहे. तो अर्जही दिलाय.

सरांची नळी निघाली. आवाज आलाय, पण तो नाही. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागत नाही तसा. रविवारी सकाळी ते येतात, गळ्याला रुमाल बांधून सावलीतल्या खुर्चीत बसतात. शिट्टी अजून फुंकता येत नाही, म्हणून पत्र्याच्या डब्यावर लाकडी पट्टी मारतात. गेल्या रविवारी एका नव्या पोरानं विचारलं, हे आजोबा कोण? तेवढ्यात डबा वाजला आणि त्याच्या कोपराकडे बोट गेलं.

पहिली दोन वर्षं तपासण्या नेमानं करायच्यात. पुढची बार्शीची तारीख बुधवारची आहे. दादांच्या दुकानात त्या दिवशी माल उतरणार, माझा पेपर आहे. चार्टवर त्या रकान्यात अजून कुणाचं नाव नाही. ग्रुपवर टाकून उपयोग नाही, आज संध्याकाळी एकेकाला फोनच लावते.