पळस फुलला, आता कपडे बदला

२० मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर येतो आणि दिवस व रात्र जवळजवळ समान होतात. हाच वसंतसंपात. आपल्या यवतमाळच्या माळरानांवर या दिवसांत पळस केशरी होतो आणि बाजारात फुलाफुलांचे कपडे येतात.

फुले हौसेने मिरवावीत. परंतु कापडही पारखावे. पॉलिएस्टर घाम टिपत नाही. त्याखाली घामोळे आणि जांघेतील गजकर्ण फोफावते. आपला जिल्हा तर कापसाचा. सुती, सैल, फिक्या रंगाचा पेहराव घाम शोषतो व वारा खेळू देतो. फुलांची छपाई अशाच कापडावर असावी.

सध्या पहाट गार, तर दुपार तापलेली असते. पहाटे घातलेली लोकरी टोपी बाळाच्या डोक्यावर दुपारीही तशीच राहते आणि ‘अंग तापले’ म्हणून आई घाबरून दवाखान्यात येते. अशा वेळी जादा कपडे काढावेत, अंगावरचे दूध पाजावे व अर्ध्या तासाने थर्मामीटरने पुन्हा ताप मोजावा. मात्र तीन महिन्यांखालील बाळाचा ताप तेव्हाही १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक भरला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. बाळ दूध ओढत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर अर्धा तासही थांबू नये.

आजच कपाट उघडा. लोकरी कपडे धुऊन, उन्हात वाळवून ठेवा आणि सुती दुपटी हाताशी घ्या. वसंताचे स्वागत घरातील सर्वांत लहानापासून व्हावे.