विजेचे द्वारपाल

पावसाळ्यांतील एखाद्या रात्रीं घरांतील दिवे क्षणभर मंद होतात आणि पापणी लवते न लवते तोंच पुन्हा पूर्ववत् उजळतात. पंक्तीवरील मंडळी मान वर करून पाहतात, वीज गेली नाहीं अशी खात्री करून घेतात आणि पुन्हा जेवणाकडे वळतात. त्या एका क्षणांत बहुधा घडलेलें असतें तें असें: कोठें तरी दूर एखादी ओली फांदी विजेच्या तारेवर पडली, तारेंतून जावयाचा प्रवाह आपली वाट सोडून भूमीकडे धांवला, तो वाट चुकला हें कोणीतरी ओळखलें, आणि तेवढी एकच तार सर्व जाळ्यापासून तोडून बाकीचें जाळें सुरक्षित ठेवलें. हें ओळखणारा जो, त्यास विद्युच्छास्त्रांत ‘रिले’ असें म्हणतात.

या मुक्या पहारेकऱ्याची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, असा या वेळीं आमचा मानस आहे. विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु तो शेवटीं आपल्या स्नानगृहाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोंचतो, म्हणून वाचकभगिनींनींही तो अर्ध्यावर सोडूं नये, अशी विनंति आहे.

रिले ही केवळ बुद्धि होय. तिला डोळा, हात आणि बळ या तिन्हींची जोड लागते. डोळा म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. मोठ्या तारेंतून शेंकडों अँपिअर प्रवाह वाहतो; तो सरळ नाजुक यंत्रांत सोडतां येत नाहीं. म्हणून त्याची लहानशी प्रतिमा काढतात. ‘४०० ला ५’ या प्रमाणाच्या करंट ट्रान्सफॉर्मरमध्यें मुख्य तारेंत ४०० अँपिअर वाहूं लागले म्हणजे रिलेकडे ५ अँपिअर येतात. हात म्हणजे सर्किट ब्रेकर. प्रत्यक्ष तार तोडण्याचें काम तो करतो. आणि बळ म्हणजे उपकेंद्रांतील बॅटरी. मुख्य वीज डळमळली असतांनाच ब्रेकर उघडावयाचा असतो. तेव्हां त्याला लागणारी शक्ति त्याच विजेकडून उसनी घेऊन कसें चालेल? म्हणून ती स्वतंत्रपणें सांठवून ठेवावी लागते. रिले उत्तम, ब्रेकर उत्तम, परंतु बॅटरी मृत, अशी स्थिति असेल तर ओळखलेला चोर दारांतून निघून जावा आणि पहारेकऱ्यानें नुसतें पाहत राहावें, असा प्रकार होतो.

जुन्या पद्धतीच्या रिलेमध्यें अॅल्युमिनियमची एक चकती असे. घरांतील जुन्या मीटरांत कांचेमागें जी चकती फिरतांना आमच्या पिढीनें पाहिली, तिचीच ही बहीण. प्रवाह ठरल्या मर्यादेहून वाढला कीं चकती फिरूं लागे. प्रवाह जितका अधिक, तितकी तिची गति अधिक. आणि ठराविक अंतर फिरून झालें म्हणजे ती दोन टोंकें जुळवून ब्रेकरला आज्ञा देई. आतां नवीन उपकेंद्रांतून चकतीची जागा गणित करणाऱ्या संख्यात्मक रिलेनें घेतली आहे. परंतु त्याला शिकविलेलें गणित बव्हंशीं त्या चकतीचेंच आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पहारेकऱ्याचे दोष दोन. चोर आला असतां झोंपणें हा पहिला. आणि ज्यास अडवावयाचें नाहीं त्यास अडविणें हा दुसरा. वैकुंठाच्या द्वारीं जय-विजय झोंपले नव्हते. ते जागे होते, कर्तव्यदक्ष होते, आणि तरीही सनकादिकांस अडविल्यामुळें त्यांस शाप मिळाला. सामान्य माणूस पहिल्या दोषास भितो. रिले बसविणाऱ्यास मात्र दोन्हींचें भय सारखेंच बाळगावें लागतें. मर्यादा फार उंच ठेवली तर खरा दोष ओळखूं येत नाहीं. फार खालीं ठेवली तर निर्दोष प्रवाहही दोषी ठरतो. या दोहोंमधील जागा शोधणें यालाच रिलेचें सेटिंग करणें म्हणतात, आणि या विद्येचें मर्म तेंच आहे.

शिवाय एका मार्गावर एकच पहारेकरी नसतो. वीजकेंद्रापासून आपल्या गल्लीपर्यंत एकामागून एक असे अनेक रिले बसविलेले असतात. गल्लींत दोष उत्पन्न झाला तर तो गल्लीच्या अगदीं निकटच्या रिलेनें तोडावा, साऱ्या शहराचा दिवा मालवूं नये. यासाठीं वेळेची उतरंड रचतात. वरील ‘४०० ला ५’ चेंच उदाहरण घ्या. रिलेची मर्यादा ५ अँपिअरवर ठेवली आणि दोषाचा प्रवाह ४,००० अँपिअर झाला, तर रिलेकडे ५० अँपिअर येतील, म्हणजे मर्यादेच्या १० पट. नेहमींच्या प्रकारचा रिले अशा वेळीं, काळाचा गुणक १ ठेवला असतां, सुमारें ३ सेकंदांत काम करतो, गुणक ०.१ ठेवला तर सुमारें ०.३ सेकंदांत. निकटच्या रिलेला ०.३ सेकंद दिले, तर त्याच्या मागच्यास सुमारें ०.७ सेकंद द्यावयाचे. मधले ०.४ सेकंद कशासाठीं? पहिला ब्रेकर प्रत्यक्ष उघडण्यास कांहीं काळ लागतो, फिरती चकती थांबतां थांबतां थोडी पुढें सरकते, आणि मोजमापांत थोडी चूक धरावीच लागते, या सर्वांसाठीं. धाकट्याला आधीं संधि द्यावी, तो चुकला तरच वडिलांनीं हात घालावा, अशी ही रीत आहे. मात्र वडिलांनीं हात घालण्यास सिद्ध असलेंच पाहिजे.

इतकी काळजी घेऊन ठरविलेली मर्यादाही कालांतरानें खोटी होऊं शकते, याचें प्रसिद्ध उदाहरण उत्तर अमेरिकेंत घडलें. कॅनडांतील ऑंटारिओ प्रांतांत नायगाऱ्याजवळ सर ॲडम बेक या नांवाचें जलविद्युत् केंद्र आहे. तेथून टोरोंटोच्या दिशेनें २३० किलोव्होल्टच्या पांच वाहिन्या जात. त्यांवरील पाठराखणीच्या रिलेची मर्यादा १९६३ सालीं सुमारें ३७५ मेगावॅट ठेवण्यांत आली होती. तेव्हां वाहिन्यांवरील भार त्याहून पुष्कळ कमी असे, म्हणून ती योग्यच होती. पुढें भार वाढत गेला. मर्यादा मात्र तेथेंच राहिली. ९ नोव्हेंबर १९६५ रोजीं सायंकाळीं ५ वाजून १६ मिनिटांनीं एका वाहिनीचा भार त्या अंकास पोंचला आणि रिलेनें ती तोडली. तिचा भार उरलेल्या चौघींवर पडला आणि सुमारें अडीच सेकंदांत त्याही तुटल्या. उत्तरेकडे जाणारी सारी शक्ति दक्षिणेस न्यूयॉर्क राज्याकडे उलटली, आणि पाहतां पाहतां सुमारें ३ कोटि लोक अंधारांत बुडाले. कित्येक ठिकाणीं वीज परत येण्यास १३ तासांपर्यंत काळ लागला.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. त्या वाहिनीवर फांदी पडली नव्हती, तार तुटली नव्हती. वाहिनीमध्यें तो भार वाहण्याची शक्तिही होती. रिलेही बिघडला नव्हता. त्यानें आज्ञा पाळली; आज्ञाच जुनी झाली होती, आणि ती काय आहे याची त्या वेळच्या चालकांस जाणीव नव्हती.

आपल्या देशांतही याच जातीचा प्रसंग येऊन गेला. दूर अंतराच्या वाहिन्यांवर असणारा एक रिले विजेचा दाब व प्रवाह यांचा भागाकार करतो. भागाकार लहान आला म्हणजे दोष जवळ आहे असें समजतो. परंतु वाहिनीवर फार भार पडून दाब उतरला तरीही तो भागाकार लहान येतोच. आणि दूरच्या टप्प्यावर नजर ठेवणाऱ्या रिलेस नुसता भारच दोषासारखा भासूं लागतो. ३० जुलै २०१२ रोजीं पहाटेपूर्वीं आणि पुन्हा ३१ जुलै रोजीं दुपारीं मध्यप्रदेशांतील बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अशाच रीतीनें तुटली. जाळें आधींच दुबळें झालें होतें, कांहीं राज्यें ठरल्याहून अधिक वीज ओढीत होतीं. रिलेचा आघात हा शेवटचा. दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशीं तिन्ही जाळीं कोसळून सुमारें ६० कोटि लोकवस्तीच्या प्रदेशांतील वीज गेली. महाराष्ट्र ज्यांत मोडतो तें पश्चिमेकडील जाळें मात्र तगून राहिलें.

म्हणून रिले बसविला कीं काम संपलें, असें नाहीं. तेथून तें सुरू होतें. बसवितांना प्रथम करंट ट्रान्सफॉर्मरची दिशा तपासतात. त्याचीं टोंकें उलटीं जोडलीं गेलीं तर येणारा प्रवाह जाणारा वाटतो आणि न्याय नेमका उलटा होतो. मुख्य तारेंत प्रवाह चालूं असतांना करंट ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू कधींही उघडी ठेवीत नाहींत. उघड्या टोंकांत प्राणघातक दाब उत्पन्न होतो. पुढें ठराविक काळानें बाहेरून मोजून प्रवाह सोडून रिलेची परीक्षा घेतात. काळाचा गुणक १ असतां मर्यादेच्या दुप्पट प्रवाहास सुमारें १० सेकंद आणि दसपटीस सुमारें ३ सेकंद लागले पाहिजेत. अधिक लागले तर चकतीच्या लोहचुंबकांत लोखंडाचा कीस अडकला आहे किंवा टोंकांवर मळ बसला आहे, असें समजावें. संख्यात्मक रिले आपली बरीच तपासणी आपण करतो. परंतु बॅटरीपासून ब्रेकरपर्यंतची तार शाबूत आहे आणि ब्रेकर खरोखरच उघडतो, हें प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावांचून पूर्णपणें कळत नाहीं. आणि ज्या दिवशीं भार, वाहिनी किंवा ट्रान्सफॉर्मर यांत बदल होईल, त्या दिवशीं जुन्या मर्यादा वहींतून काढून पुन्हा ताडून पाहणें हें सर्वांत मोठें काम. ती मर्यादा कोणी, केव्हां व कोणत्या कारणानें ठरविली हें वहींत लिहिलेलें नसेल, तर पुढच्या माणसाला ती बदलण्याचें धैर्यही होत नाहीं. चार पिढ्या एका छपराखालीं नांदणाऱ्या घरांतील वडील मंडळींस याचा अर्थ आम्हीं अधिक विवरून सांगावयास नको.

आतां घराकडे येऊं. इंग्लंडांतील चार्लस् मर्झ आणि बर्नार्ड प्राइस या दोघां अभियंत्यांनीं १९०४ च्या सुमारास एक साधी युक्ति योजिली: वाहिनीच्या एका टोंकानें जितका प्रवाह आंत गेला तितकाच दुसऱ्या टोंकानें बाहेर आला पाहिजे, फरक पडला तर मधें गळती आहे. जमाखर्च जुळत नाहीं तेव्हां पैसा कोठें तरी गेला, हें जाणणाऱ्या गृहिणीस ही युक्ति निराळी शिकविण्याचें कारण नाहीं. याच तत्त्वावर चालणारा एक लहान रक्षक आज घरांतील विजेच्या पेटींत बसवितां येतो. वायरमन त्यास आर.सी.सी.बी. म्हणतो, पुष्कळ घरांत ई.एल.सी.बी. हें जुनें नांवच चालतें.

त्याची थोरवी समजण्यासाठीं एक हिशेब पाहावा. गीझरच्या नळास वीज उतरली आणि ओल्या हातानें मुलानें तो धरला, तर त्याच्या देहांतून अँपिअरच्या एकदशांश किंवा पंचमांश इतका प्रवाह जाऊं शकतो. प्राण घेण्यास तेवढा पुरेसा आहे. परंतु १६ अँपिअरच्या एम.सी.बी.स तो दिसतसुद्धां नाहीं, कारण एम.सी.बी. हा तारांचा रक्षक आहे, माणसांचा नव्हे. आर.सी.सी.बी.ची घरगुती मर्यादा ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या सुमारें तेहतिसाव्या अंशाइतकी असते. आणि तेवढा फरक पडतांच तो सेकंदाच्या अल्प अंशांत वीज तोडतो. मात्र मनुष्य भूमीपासून अलग राहून दोन्ही तारा एकदम धरील तर जमाखर्च जुळलेलाच राहतो, आणि हा रक्षक तेथें लाचार होतो. म्हणून अर्थिंग व सावधपणा यांची गरज त्यानें संपत नाहीं.

या रक्षकास घरोघर कसें वागविलें जातें, तें पाहून आम्हांस खेद होतो. पावसाळ्यांत तो वारंवार पडूं लागला, मंडळी त्रासली, आणि कोणीतरी त्यास वगळून तारा सरळ जोडून दिल्या. फ्यूज उडतो म्हणून तेथें जाड तार घातली. अशीं घरें थोडीं नाहींत. जो वारंवार ओरडतो तो कांहीं तरी सांगत असतो. एकेक उपकरण काढून पाहावें, ओल कोठें शिरली तें शोधावें, आणि दोष रक्षकांतच निघाला तर नवा रक्षक आणावा. परंतु पहारा उठवूं नये.

त्याच्या अंगावर ‘टी’ या अक्षराचें एक लहान बटन असतें. वीज चालूं असतां तें दाबलें म्हणजे कृत्रिम गळती उत्पन्न होऊन रक्षक तत्काळ पडला पाहिजे. न पडला तर तो झोंपला आहे असें समजून त्याच दिवशीं जाणत्या वायरमनला बोलवावें. हें बटन महिन्यांतून एकदां दाबणें इष्ट. आमच्या घरांतून तिथि विसरत नाहींत. संकष्टीस चंद्रोदयाची वेळ पाहण्यासाठीं पंचांग उघडतोंच, त्याच दिवशीं हें बटनही दाबण्याचा परिपाठ ठेवावा. आणि खंडेनवमीस कोयती-विळ्यांस हळदकुंकू वाहतांना, विजेची पेटी, अर्थिंग आणि गीझर यांची वर्षाची तपासणी कसबी माणसाकडून करवून घ्यावी. पेटींत कोणता रक्षक केव्हां बसविला, तें पेटीच्या झांकणाच्या आंतील बाजूस लिहून ठेवावें.

वर्षानुवर्षें कांहींच न करतां उभा राहणारा नोकर मनुष्यास निरुपयोगी वाटूं लागतो. रिलेचें सारें आयुष्य अशा उभें राहण्यांतच जातें, आणि त्याच्या कामाचा क्षण सेकंदाहून मोठा नसतो. तो क्षण केव्हां येईल हें आपल्या हातीं नाहीं. तो येईल तेव्हां द्वारपाल जागा असावा, इतकें मात्र आपल्या हातीं आहे.