इंटर्नला आमच्याबरोबर पाठवा

परीक्षेला येणार नसेल ते वाचायचं नाही, हा एमबीबीएसच्या पोरांचा हिशेब आहे आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. अभ्यासच तेवढा असतो. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात कॅन्सरच्या वेदना, मॉर्फिन, वाईट बातमी कशी सांगावी, हे सगळं आलं आहे. पण ते लेक्चरला येतं आणि लेक्चरबरोबरच संपतं.

मी नर्स आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करणं, गोळ्यांच्या वेळा लावून देणं, घरच्यांशी बोलणं हे माझं काम. कधीमधी एखादी इंटर्न हौसेनं बरोबर येते. एकदा अशीच एक मुलगी आली. पेशंट तोंडाच्या कॅन्सरचे काका, गालाला आरपार जखम. खोलीत दोन-दोन उदबत्त्या लावलेल्या, नातवाला आत यायची बंदी, जेवणाचं ताट दारातूनच सरकवायचं. मेट्रोनिडाझोल कुठल्या जंतूंवर चालतं ते त्या मुलीला तोंडपाठ होतं. पण हा वास त्याच जंतूंचा आहे आणि तीच गोळी कुटून, पूड करून जखमेवर भुरभुरायची, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. काकूंच्या खलबत्त्यात तिनं स्वतः गोळ्या कुटल्या. पुढच्या खेपेला गेलो तर कॉट बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर आणलेली. काका मॅच बघत होते.

मॉर्फिनचंही तसंच. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची, हे पुस्तकात असतं. पण पोट साफ होण्याचं औषध त्याच चिठ्ठीवर लिहिलं नाही, तर चार दिवसांत पेशंट कुंथून बेजार होतो आणि घरचे मॉर्फिनच बंद करतात. मग आम्ही जातो तेव्हा माणूस वेदनेनं कळवळत असतो आणि गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच. म्हणून दारातून आत गेल्यावर माझा पहिला प्रश्न ‘परसाकडला झाली का?’ हाच असतो. इंटर्न हसतात. हसू देत.

आणि जिन्यातच मुलगा गाठतो, ‘सिस्टर, बाबांना काही सांगू नका हं.’ आत बाबा हळूच विचारतात, ‘पोरांना कळलंय का हो?’ या दोघांच्या मध्ये बसून काय बोलायचं, हे लेक्चरच्या स्लाइडवरून कसं येणार?

अशा पेशंटांच्या शुश्रूषेला आपल्याकडे, महाराष्ट्रात, सुरुवात उशिरा झाली असंही नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६मध्ये मुंबईतच उभं राहिलं. केरळातल्या कोझिकोडचं असं काम १९९३चं, पण केरळनं गावोगावी माणसं तयार केली आणि २००८मध्ये राज्याचं धोरणही आणलं. आपण मोठ्या शहरांपुढे फारसं सरकलो नाही. मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि तिच्यापासून होणारी मॉर्फिनची गोळी आपल्या तालुक्याच्या गावी मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा धसका नियम सैल करणाऱ्या २०१४च्या दुरुस्तीनंतरही उतरलेला नाही. आज शिकवणारे कित्येक प्राध्यापक त्याच धसक्यात वाढले; ज्यांनी स्वतः मॉर्फिन कधी लिहिलं नाही, ते शिकवणार कसं?

नवं काही उभारायला नको. कुटुंब दत्तक योजनेत एमबीबीएसचे विद्यार्थी गावात जाऊन घरं दत्तक घेतातच. त्यात अंथरुणाला खिळलेला पेशंट असलेलं एक तरी घर द्या. इंटर्नशिपचे दोन आठवडे होम केअरला काढा. आणि फायनलच्या तोंडी परीक्षेत यावरचा एक प्रश्न सक्तीचा करा. मग बघा, हॉस्टेलवर रात्री काय वाचलं जातं ते.

‘सिस्टर डॉक्टरांना शिकवणार?’ असं एका बैठकीत मला कुणीतरी विचारलं होतं. रात्रपाळीला पहिला कॅथेटर घालताना शेजारी कोण उभं होतं, ते कुठल्याही डॉक्टरला विचारा. फक्त घरी येताना मुलांनी अ‍ॅप्रन काढून ठेवावा. तो दिसला की शेजारीपाजारी दारात गोळा होतात.