म्हातारपणी पडणे हे नशीब नव्हे

वृद्धाश्रमात एखादी आजी न्हाणीत घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते, ती कायमची अंथरुणाला खिळते. मग सगळे म्हणतात, "वय झालं होतं, नशिबात होतं." आम्हाला हे मान्य नाही.

बुद्धाने आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. ओली फरशी, भिंतीला नसलेली दांडी, उंच उंबरा, पलंगाशेजारी पसरलेली वायर, रात्री संडासच्या वाटेवरचा अंधार ही कारणे आहेत. ती माणसांनी ठेवली, माणसांनाच काढता येतात. ज्या नशिबाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, तेच नशीब इथे संस्थाचालकांची जबाबदारी झाकते.

अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होम सुधारणा कायदा झाला. तिथल्या केंद्रीय नियमानुसार राहणाऱ्यांचा परिसर शक्य तितका अपघातमुक्त ठेवणे आणि पुरेशी देखरेख पुरवणे संस्थेवर बंधनकारक आहे. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला बांधून ठेवता येत नाही. तिथेही अपघात होतात, पण जाब संस्थेला द्यावा लागतो.

आपल्याकडे काय आहे? संविधानाचे कलम ४१ वृद्धापकाळातील सार्वजनिक साहाय्याच्या हक्कासाठी तरतूद करायला राज्याला सांगते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण तिथे शब्द आहे 'स्थापन करू शकेल'. या एका शब्दात गरिबाचा हक्क सरकारच्या मर्जीवर जातो.

आणि कुणी पडले की जाब कुणाला विचारतात? रात्रपाळीच्या मावशीला. ती बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली, कंत्राटी, सगळ्या मजल्याला एकटी. दांडी बसवण्याचा खर्च वाचवणारा मात्र दानशूर म्हणून सत्कार घेतो.

थोडे आपल्यालाही विचारू. १४ एप्रिलला आपण वृद्धाश्रमात फळे वाटतो, फोटो काढतो, परत येतो. यंदा फळे देऊन झाली की न्हाणीत जा. दांडी आहे का? फरशी घसरते का? पलंगावरून घंटेला हात पोहोचतो का? रात्री किती मावशी असतात? उत्तरे लिहून काढा आणि समाजकल्याण कार्यालयात निवेदन द्या. पोच घ्या. महिन्याने पुन्हा जा.

दयेचे केळे एका दिवसात संपते. हक्काची दांडी रोज हाताला लागते.

जय भीम! जय संविधान!